मीच म्हटलेलं आमेन

आमच्या घराण्यात भांडत नाहीत, प्रार्थना करतात. हे मला लग्नानंतर कळलं. माहेरीही आम्ही ख्रिस्तीच, पण माझी आई शेजारणीशी भांडायची ती नळावर, डोळे उघडे ठेवून. सासरची रीत निराळी. माझी मोठी जाऊ ज्याच्यावर चिडलेली असते त्याच्यासाठी प्रार्थना करते, चार बायकांच्या देखत. आणि प्रार्थना चालू असताना कुणाला मध्ये बोलता येत नाही.

माझा नंबर लागला तो तिच्याच घरी, खारघरला. महिन्यातून एकदा आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका कुणाच्या तरी घरी जमतात. आधी गीतं, मग पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाद्रींची बायको, चार शब्द बोलतात, मग जिला वाटेल तिनं मोठ्यानं प्रार्थना करायची. शेवटची प्रार्थना यजमानीणबाईची, आणि मग चहा. त्या दिवशी जावेनं आजाऱ्यांसाठी केली, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी केली, मग आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "आणि प्रभू, माझ्या धाकट्या जावेला सहनशीलता दे. ती आमच्या आईंवर ओरडते, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं, त्याची तिला क्षमा कर. त्या म्हाताऱ्या जिवाला आता तूच सांभाळ."

सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं. जन्माची सवय, प्रार्थना संपली की तोंड आपोआप उघडतं. माझ्याच बदनामीवर मीच शिक्का मारला, आणि वर तिच्या घरचा केक खाल्ला.

ओरडते मी, नाही कोण म्हणतंय? सासूबाईंना ऐकू येत नाही. कानाचं मशीन घेतलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी कपाटात ठेवून दिलंय. मग 'आई, गोळी घेतली का' हे पार खाडीवर, सारसोळ्याच्या जेटीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात विचारावं लागतं. तिसऱ्यांदा विचारलं की त्यात राग मिसळतोच. मी काही देवदूत नाही. पण आंघोळ मी घालते, डायपर मी बदलते, आणि मासेवालीकडून काटे कमी असलेला मासा मी निवडून आणते. जावेच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आईंना एसीचा वारा सोसत नाही म्हणे. ती पंधरा दिवसांनी येते, सफरचंदं आणते, आईंचा हात हातात घेऊन गोड, हळू आवाजात बोलते, फोटो काढते आणि महिलांच्या ग्रुपवर टाकते. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. वरून कीर्तन, आतून तमाशा. आमच्यात कीर्तन नसतं, पण म्हण चपखल बसते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण त्या सभेत आणखी एक बाई डोळे मिटून बसली होती. तिच्या मुलासाठी माझ्या लेकीची बोलणी चालली होती. आमचे लोक इथे मूठभर, त्यात मनासारखं स्थळ मिळणं म्हणजे नशीब. मुलगा चांगला, सानपाड्यात घर, पुढच्या रविवारी ते आमच्याकडे यायचे होते. शनिवारी त्या बाईचा फोन आला. म्हणाली, "आम्ही जरा प्रार्थना करून कळवतो."

ज्यांना आमची भाषा माहीत नाही त्यांना सांगते, याचा अर्थ नाही असा होतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे ना. तिनं प्रार्थनाच तर केली. टेन्शन कशाला घेतेस?" लेक म्हणाली, "बरं झालं मम्मी. त्या बाईंनाही पुढे कमी ऐकू आलं असतं तर मलापण ओरडावं लागलं असतं." ती हसली. मला हसू आलं नाही. माझ्या लेकीच्या वाटेत माझा आवाज आडवा घातला होता आणि तोही देवाच्या नावानं. ते मी सोडणार नव्हते.

सूड देवावर सोपवावा, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. मी सोपवला होता. रोज सकाळी कुकर लावताना आठवण करत होते. माझा विश्वास असाच आहे, स्वयंपाकघरातला. गॅस संपला, लेकीचा ताप उतरेना, नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले, प्रत्येक वेळी ओट्यापाशी उभी राहून मी त्यालाच हाक मारली आणि त्यानं निभावून नेलं. पण या कामात तो काही हालचाल करेना. जाऊ मजेत होती. ग्रुपवर तिचे फोटो येत होते. मग मी ठरवलं, त्याच्याकडे कामं फार असतील, हे आपणच उरकावं.

पुढच्या महिन्याची सभा माझ्या घरी होती. म्हणजे शेवटची प्रार्थना माझी.

आणि माझ्याकडे दारूगोळा होता. जावेचा मुलगा द्रोणागिरीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. पिऊन ड्युटीवर गेला म्हणून त्याला काढलं, आणि त्याची बायको घर सोडून गेली, कायमची. जाऊ सगळ्यांना सांगायची, पोरगा घरून काम करतो आणि सूनबाई आजारी आईला बघायला माहेरी गेली आहे. खरं काय ते थोरल्या दिरांनी, तिच्याच नवऱ्यानं, माझ्या नवऱ्याला रडत सांगितलं होतं आणि नवऱ्यानं मला.

मी प्रार्थना तयार करायला घेतली. असली प्रार्थना ऐनवेळी सुचत नाही, ती घोटावी लागते. मी गवार मोडताना घोटली, कपडे वाळत घालताना घोटली. मोठ्यानं म्हणून बघत होते, कारण आवाज कुठे मऊ करायचा ते महत्त्वाचं. "हे दयाळू पित्या, माझ्या थोरल्या जावेच्या दुःखात तू तिच्या जवळ राहा. तिचा मुलगा दारूच्या पाशात अडकलाय, त्याला सोडव. त्याची बायको सोडून गेली, त्या पोरीला परत आण. आणि हे सगळं लपवून ठेवायचं ओझं माझ्या जावेच्या खांद्यावर आहे, ते आज उतरव." 'आज' वर जरा थांबायचं. फार सुंदर झाली होती. एका ठिकाणी तर मलाच भरून आलं.

सासूबाई तिथेच स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर मेथी निवडत बसलेल्या असायच्या. त्यांची मला अडचण नव्हती.

सभेच्या दिवशी घर भरलं. सतरंज्या अंथरल्या, समोसे आणले, सासूबाईंना नवं पातळ नेसवून मधोमध बसवलं. स्थळाची ती बाईही आली होती. जाऊ आली ती थेट सासूबाईंपाशी, हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटली आणि फोटो काढायला फोन माझ्या लेकीकडे दिला. मी मनात म्हटलं, काढ बाई फोटो, आजचा जपून ठेव.

गीतं झाली, पाळकीणबाईंचं बोलणं झालं. त्या बोलल्या तेही क्षमेवर. माझं लक्ष नव्हतं, मी मनात उजळणी करत होते. मग प्रार्थना सुरू झाल्या. दोघी-तिघींच्या झाल्या. मी घसा साफ केला, एवढ्यात सासूबाई बोलायला लागल्या. त्या सभेत कधीच प्रार्थना करत नाहीत. मूळच्या नगरकडच्या, आवाज अजून खणखणीत.

"प्रभू बापा, मला कानानं काय येत न्हाई, तुला ठाव हाय. मोठी येती, लई गोड बोलती, पर मला त्यातलं काय बी कळत न्हाई. धाकटी वरडती. ती वरडती म्हणून मला घरात माणूस हाय असं वाटतं. तिचा आवाज तसाच राहू दे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जावेच्या तोंडाकडे बघावं म्हणून मी एक डोळा उघडला. ती मान खाली घालून बसली होती. माझ्या मनात आलं, सूड घ्यावा तर असा, बसल्या जागी, काही न करता. पण सासूबाई थांबल्या नाहीत.

"आन् प्रभू, धाकटीनं एक प्रार्थना पाठ केलीया. गवार मोडताना म्हणती. थोरलीच्या पोराची हाय. चांगली न्हाई ती प्रार्थना. ती तिला इसरायला लाव. आमेन."

"आमेन," बायका म्हणाल्या.

आणि मी म्हटलं. माझ्याच तोंडानं, सगळ्यांत मोठ्यानं. सवयच ती.

आता पाळी माझी होती. मला सगळं आठवत होतं, 'आज' वर थांबायचं तेसुद्धा. जाऊ डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं. मला किती माहीत आहे ते तिला कळलं होतं. मी मुद्दाम थांबले. बराच वेळ थांबले. खोटं कशाला बोलू, तो वेळ मला फार गोड लागला. पण सासूबाई डोळे मिटून, हात जोडून माझ्या आवाजाची वाट बघत होत्या, आणि आमेन मी म्हणून बसले होते.

"प्रभू, अन्नावर आशीर्वाद दे," मी म्हटलं. सभा संपली, समोसे फिरले.

जावेनं त्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकला नाही. स्थळाच्या बाई अजून प्रार्थनाच करताहेत.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या कानाशी वाकून ओरडले, "तुम्हाला ऐकू येतं तर!"

"तुझंच येतं," त्या म्हणाल्या. "इसरलीस का?"

"नाही!"

"बरं."

तेव्हापासून रोज सकाळी गोळी दिली की त्या विचारतात, इसरलीस का गं? मी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडून सांगते, नाही. कारण नाहीच विसरले. शब्द न् शब्द पाठ आहे, आणि जावेचं नाव निघालं की जिभेवर येतो. त्या बरं म्हणतात, डोळे मिटतात आणि पुन्हा तीच प्रार्थना करतात. मी रिकामा पेला हातात घेऊन दात-ओठ खात उभी असते. त्यांची प्रार्थना संपते, आणि माझ्या तोंडून सवयीनं जे निघायचं ते निघतं.