शून्यापासून मोजलेले महिने

कातेआ माझ्या बहिणीची मुलगी. आमच्या बेतिओत, म्हणजे तारावा बेटाच्या टोकावरच्या गावात, तिला सगळे ‘फोनवाली’ म्हणायचे. पोरगी हुशार, आणि हट्टी त्याहून जास्त. फिजीत वेबसाइटी बनवायचं शिकली आणि परत येऊन धक्क्यावरच्या मासेमार सोसायटीत टेबल मांडून बसली.

“मावशी, तारावा मागे पडलं की नेट मरतं,” ती म्हणायची. “म्हणून माझं पान बाहेरून काही म्हणजे काही मागणार नाही. अक्षरं, चित्रं, आकडेमोड, वर्षभराची भरती-ओहोटी, सगळं एकाच फाइलीत बांधायचं. या फोनवरून त्या फोनवर दिली, की झालं.”

“पानात गुंडाळून भाजलेल्या मासळीसारखं म्हण की!” मी म्हटलं. ती खूप हसली.

फाइल उघडली की खडकांमधली वाट हिरवी किंवा लाल दिसायची. हिरवी म्हणजे होडी घालण्याइतकं पाणी आहे. म्हातारे अजून चंद्र बघूनच निघायचे, तरुणांनी ते कधीच सोडून दिलं होतं. पहिली फाइल कातेआने सख्ख्या भावाला, बारानिकोला दिली. झालं! स्वारी छाती फुगवून धक्काभर वाटत सुटली.

आठ दिवसांनी कातेआच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र महिने शून्यापासून मोजतं, जानेवारी म्हणजे शून्य. हे ती विसरली, आणि फाइल मागच्या महिन्याची भरती दाखवत राहिली. फरक तास-सव्वातासाचाच, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. तिने चूक सुधारली, फाइल पुन्हा बांधली, त्याच नावाने, आणि धावत धक्क्यावर गेली.

“बारानिको, ही नवी घे. जुनी पुसून टाक हं.”

“पुसली गं बाई! किती डोकं खाशील?”

“दाखव बघू.”

“आता इंजिन सुरू करू की तुला फोन दाखवत बसू?”

पुसली नव्हती मेल्याने. एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या म्हणून फोनने नवीच्या नावाला एक आकडा चिकटवला आणि तिला खाली ठेवलं. त्याचा अंगठा सवयीने वरचीच उघडत राहिला.

मंगळवारी तो मासळी घेऊन परतत होता. फोनवर वाट हिरवी होती. प्रत्यक्षात पाणी मांडीभरही नव्हतं. लाटेने होडी उचलून खडकावर आपटली. दुसऱ्या दिवशी तो सापडला, कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन कोरडा ठणठणीत.

“मी मारला गं त्याला, मावशी!”

“गप! समुद्राने मारला,” मी म्हटलं. खोटं बोलले. मला तिचा राग आला होता, अजून आहे. फाइलीचं नुसतं नाव बदललं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

दुखवट्याला सगळे मानेआबात, आमच्या गावाच्या सभाघरात, जमले. कातेआने अन्नाला हात लावला नाही. ज्याच्या त्याच्यासमोर बसायची, फोन मागायची, जुनी फाइल शोधून पुसायची. अकरा फोन झाले. बाराव्या जागी माइआना बेटावरून आलेले ताबुइआकाका होते.

“रडू नकोस पोरी,” ते म्हणाले. “तुझं काम लाखमोलाचं आहे. आमच्याकडे सिग्नल नाही, काही नाही, तरी बघ कसं चालतं!”

त्यांच्याकडेही जुनीच होती. कातेआने पुसली. मग हळूच विचारलं, “काका, ही आणखी कोणाला दिलीत?”

“सगळ्यांना!” काकांचा चेहरा खुलला. “अख्ख्या माइआनाला दिली. पुढे अबेमामा बेटाला होडी निघाली होती, तिच्यातल्या लोकांनाही दिली. बारानिकोच म्हणाला होता ना, माझ्या बहिणीचं काम आहे, वाटत जा.”

कातेआने त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला. पुढचा फोन मागायला ती उठलीच नाही.