हात लावून मोजणाऱ्या अक्का

बनशंकरीच्या डायव्हिंग क्लासातल्या आमच्या अक्का माणसं नजरेनं मोजायच्याच नाहीत. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत कानडीत मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु, एक, दोन, तीन. मोठ्या पगाराची माणसं, पण अक्कांपुढं मान खाली घालून बसायची. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हस की. पण डोकं दे."

आमचे हे त्यांच्याकडं सिलिंडर भरायचे, बोटीवर मदतीला जायचे, सगळ्यांबरोबर पाण्यातही उतरायचे. मी निपाणीकडची, आठवी शिकलेली, पाण्याला लई भिणारी. हे जाकिटाला शिट्टी बांधायचा कंटाळा करायचे, मग अक्का स्वतः गाठ मारायच्या. हे म्हणायचे, "मी काय ट्रॅफिक पोलीस आहे का अक्का?" अक्का म्हणायच्या, "गप. समुद्रात तुझ्या आवाजाला कोण विचारतंय?"

एकदा मुरुडेश्वरला मीपण समुद्रात बोटीवर गेले, सहा महिन्यांची चिनू मांडीवर. अक्कांची रीत अशी, पाण्यात उतरताना पाटीवर आपला बिल्ला लावायचा, वर आलं की आपल्याच हातानं काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस पाण्यात. त्या दिवशी मला उलट्या सुरू, डोकं वर होईना. सगळे वर आले, पाटी मोकळी, बोटवाल्यानं इंजिन चालू केलं.

अक्का मोजत होत्या. "हन्नोंदु." अकरा. पुढं डोकंच नाही. उतरले होते बारा.

"इंजिन बंद!" अक्का ओरडल्या.

क्लासातला बेळ्ळंदूरचा एकजण म्हणाला, "अक्का, पाटी मोकळी आहे की."

"बिल्ला श्वास घेतो काय रे?"

मी वर बघितलं, हे कुठंच नाहीत. नंतर कळलं, त्याच माणसानं, हे शिडीपाशी दिसले म्हणून, मदत म्हणून यांचा बिल्ला काढलेला. आणि यांच्या पायातला पोहायचा पंखा सुटला, तो धरायला हे मागं वळले आणि पाण्याच्या ओढीत लांब गेले. मी किंचाळायला लागले. अक्कांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "स्वल्प गप्प बस पोरी. ऐकू दे."

सगळी बोट गप्प. चिनूसुद्धा. मग लांबून, बारीक, शिट्टी.

यांना वर ओढलं तेव्हा ओठ पांढरे पडलेले. अक्का रागावल्या नाहीत. ओल्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "हन्नेरडु." बारा. आणि मग तिथंच खाली बसल्या.

गेल्या वर्षी गुडघे गेले म्हणून अक्का कारवारला लेकीकडं राहायला गेल्या. जाताना मोजायचं काम मला दिलं. मी म्हटलं, "अक्का, मला भीती वाटते." म्हणाल्या, "म्हणूनच. न भिणारा मोजताना अंदाज करतो."

अजून भीती वाटते, दर खेपेला. बोट धक्क्याला लागली की अक्कांचा फोन येतो.

"किती?"

"हन्नेरडु, अक्का."

"हात लावून?"

"हात लावून."

"सरी, ठीक," म्हणतात, आणि मग चिनूची चौकशी करतात.