मोकळं मनगट

खरं सांगते, त्या दिवसांत मी देवीवर रुसले होते. रुसले कसली, मनातल्या मनात चक्क भांडत होते. नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. सकाळी साडेसात ते दुपारी दीड हॉस्पिटलात वॉर्डची ड्युटी, दोन ते चार कॉलेजात तास, आणि तिथून धावतपळत बस पकडून पाचच्या ठोक्याला नाशिक रोडला माईंच्या घरी. माई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, म्हणून पाच ते आठ त्यांचं सगळं मी बघायची. अंग पुसणं, कूस बदलणं, आणि मुख्य म्हणजे माकडहाडापाशी झालेल्या जखमेचं ड्रेसिंग. सतत पाठीवर पडून राहिलं की होते ती जखम, आणि वय झालेल्या माणसाला ती सहज भरत नाही. हे सगळं आटोपून खोलीवर आलं की मुलाखतीची तयारी. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या होत्या आणि गुरुवारी मला बोलावणं होतं. जेवताना वही, बसमध्ये वही. डोकं असं भणभणायचं की कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी मी खेकसायची.

आता माझ्या मनगटावरच्या दोऱ्याचं सांगते. आमचं घर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागेतलं. मला शेवटचं वर्ष लागलं तेव्हा आई मला वणीच्या गडावर घेऊन गेली, सप्तशृंगीपुढं नवस बोलली आणि माझ्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. नोकरी लागेपर्यंत हा काढायचा नाही, लागली की लेकीला घेऊन ओटी भरायला येईन, असा तो नवस. मामाच्या मुलानं असाच दोरा मध्येच काढला आणि पोलीस भरतीत धावताना त्याचा पाय मुरगळला, ही गोष्ट आईनं मला इतक्यांदा ऐकवली होती की मला ती झोपेत म्हणता आली असती. पण नर्सच्या हातात कोपरापासून खाली काही चालत नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, दोरा तर नाहीच, कारण त्यात जंतू बसतात. आमच्या ट्यूटर मॅडमनी मला दोनदा टोकलं. पहिल्यांदा मी हो म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं घरी विचारते. मग वर्गातल्या निम्म्या मुली करायच्या तेच मी केलं. कुणाच्या हातात दर्ग्यावरचा दोरा, कुणाच्या कुठल्या बाबांचा, कुणाच्या गडावरचा. दोरा मनगटाच्या जरा वर सरकवायचा, त्यावरून कागदी चिकटपट्टीचा एक वेढा मारायचा आणि वरून ग्लोव्ह ओढायचा. देवीही खूश, मॅडमही खूश, असं आम्ही हसून म्हणायचो. हात धुतले की पट्टी भिजायची, खालचा दोरा ओलाच राहायचा, आणि मी संध्याकाळी वरून नवी पट्टी लावायची.

माईंची जखम आधी छान भरत आली होती. मग का कोण जाणे, ती परत ओली व्हायला लागली. ड्रेसिंग उघडलं की एक गोडसर, नको वाटणारा वास यायचा. शुक्रवारी ताप चढला. त्यांच्या सुनेला मी वहिनी म्हणायची. वहिनींनी विचारलं, काय गं, जखमेमुळे तर नाही ना? मी म्हटलं, हवा बदलली आहे, डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवा. असं का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मुलाखत सहा दिवसांवर आलेली, त्यात आणखी एक घोर मला नको होता, एवढंच. शनिवारी माईंनी घास घेतला नाही आणि मला दोनदा भलत्याच नावानं हाक मारली. एरवी माझं शुद्धलेखन सुधारणारी ती बाई. मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी मला सुट्टी. शहाण्या मुलीनं अभ्यासाला बसायचं, तर मी सकाळची पहिली गडाची बस धरली. अभ्यास डोक्यात शिरत नव्हता, माईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. वाटेत दिंडोरीला बस थांबली. तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर, पण मी उतरले नाही. आईला काय सांगणार होते? खिडकीला डोकं टेकून बसले आणि गड येईपर्यंत देवीशी भांडत राहिले. दोरा बांधलाय, उपास करतेय, कुणाचं वाईट केलं नाही, मग तू माझ्याच पाठी का लागली आहेस? मुलाखतीच्या तोंडावर माईंना आजारी पाडायचं काय अडलं होतं तुझं? असं काय काय. आता आठवलं की लाज वाटते. आजारी होत्या माई, आणि मी रडत होते माझ्या मुलाखतीसाठी.

वर देवळाशी नेणाऱ्या ट्रॉलीला ही भली मोठी रांग होती, म्हणून पायऱ्यांनी निघाले. अर्ध्यावर एका कठड्यापाशी दम खात थांबले तर शेजारी एक म्हातारी बसलेली. काळीसावळी, काटक, सुरगाण्याकडच्या डोंगरातली. पाणी हाय का पोरी, म्हणाली. मी बाटली दिली. बोलता बोलता तिनं सांगितलं की ती पाड्यावरची सुईण. आता बायका दवाखान्यात जातात, पण आधी सगळा पाडा तिच्याच हातावर जन्मलेला. मी नर्सिंग शिकते म्हटल्यावर तिला भारीच आनंद झाला. मी मात्र तिचं ऐकता ऐकता मनगट खाजवत होते. पट्टीखाली गेले आठ-दहा दिवस सारखी खाज सुटत होती. तिनं माझा हात धरला, पट्टीचं टोक नखानं उचकटलं, आणि मी काही म्हणायच्या आत मनगट नाकाशी नेऊन वास घेतला. मग तोच हात माझ्या नाकापुढं धरला.

तोच वास होता. माईंच्या ड्रेसिंगचा वास. मला क्षणभर पायऱ्या, माणसं, काही दिसेना. तीन वर्षं मी जे पाठ करत होते, परीक्षेत ज्याचे मार्क घेत होते, ते सगळं माझ्या स्वतःच्या मनगटावर ओलं होऊन बसलं होतं. ग्लोव्ह लांडा पडायचा, दोरा खाली सरकायचा, कधी पट्टी सुटायची, मी परत दाबायची आणि तोच हात जखमेपाशी न्यायची. मला हे कधीच दिसलं नव्हतं असं नाही. मी बघितलं नव्हतं.

मी रडायला लागले. रडत रडतच तिला सगळं सांगितलं, माईंचं, नवसाचं, आईचं, गुरुवारच्या मुलाखतीचं. म्हातारीनं मला जवळबिवळ घेतलं नाही. तिनं तिचे दोन्ही हात माझ्यापुढं पसरले. हातात एकही बांगडी नव्हती. मला वाटलं नवरा गेला असेल. तर ती म्हणाली, बाळंतपणाला बोलावणं आलं की बांगड्या काढून ठेवायच्या, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. पाड्यातल्या बाया तेव्हा नावं ठेवायच्या, नवरा जिता असून हात ओकेबोके ठेवते म्हणून.

"मंग मी त्यांला सांगायची," ती म्हणाली, "जल्म द्यायचं काम देवीचं हाय. तिला हात पायजे असला तर मोकळा पायजे. माझ्या बांगड्यांचं तिला काय करायचं?"

माझ्या पर्समध्ये ड्रेसिंगची कात्री असतेच. मी ती तिच्यापुढं केली. तिनं मान हलवली. "तूच काप. मी कापला तर उद्या नोकरी नाय लागली की माझ्या नावानं बोटं मोडशील."

मी कापला. एका कचक्यात तुटला नाही. तुटल्यावर कसलंही हलकंबिलकं वाटलं नाही. पण डोकं मात्र ताळ्यावर आलं होतं. तिथंच पायरीवर उभं राहून वहिनींना फोन लावला. माईंना ताप आहे का? आहे, एकशे दोन. मी म्हटलं, आज रविवार असला तरी डॉक्टरांना आत्ताच बोलवा, जखमेत पू झालाय, ताप त्याचाच आहे. का झालाय ते सांगायला जीभ रेटली नाही. फोन ठेवला आणि मनात आलं, एवढं पुरे आहे की. डॉक्टर येतील, औषध बदलतील, बाकीचं कुणाला कळायची गरज काय? खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. मी त्याच खवखवीनं वर गेले आणि देवीपुढं उभी राहिले. अठरा हातांची ती एवढी मोठी माउली, आणि मी वर्षभर तिच्याकडं मागण्यांची यादी घेऊन आलेली. त्या दिवशी नोकरी मागायचं सुचलंच नाही. मला खरं सांगता येऊ दे, एवढंच म्हटलं आणि मागच्यांनी ढकललं तशी पुढं सरकले.

अशा अनुभवांत ती म्हातारी नंतर कुणालाच दिसली नाही असं सांगतात. माझी म्हातारी चांगली दिसली. खाली एसटी स्टँडवर ती खिडकीच्या जागेवरून कंडक्टरशी भांडत होती. मला बघून हात हलवला आणि परत भांडायला लागली.

थेट नाशिक रोड गाठलं. डॉक्टर येऊन गेले होते, जखमेतला नमुना तपासायला गेला होता, सलाइनमधून इंजेक्शन चालू झालं होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर विष रक्तात उतरलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं वहिनींनी सांगितलं. वेळेवर फोन केलास, तुझे उपकार आहेत, असंही म्हणाल्या. ते उपकार ऐकून मला तिथं उभं राहवेना. मी मनगट पुढं केलं. लाल पुरळानं भरलेलं ते मनगट दाखवत पट्टीचं, दोऱ्याचं, शुक्रवारी मी मारलेल्या थापेचं, सगळं सांगून टाकलं. वहिनींनी ते मनगट नीट बघितलं. मग म्हणाल्या, "आम्ही तुझ्या भरवशावर माणूस सोपवलं होतं. उद्यापासून येऊ नकोस." त्यांचं काही चुकलं नाही. डॉक्टरांना मी फोन करून दोऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, जंतू त्यातूनच आले हे छातीठोक सांगता येणार नाही, पण नाही असंही म्हणता येणार नाही. सोमवारी ड्युटीवर तो दोरा मी जंतुसंसर्गाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. आई तिथं असती तर नदीत सोड म्हणाली असती.

गुरुवारी मुलाखतीला बसले. मेट्रन बाईंनी विचारलं, कुठं काम केलं आहे, आणि का सोडलं? मी जे घडलं ते सांगितलं. पलीकडच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ती नोकरी मला मिळाली नाही. शनिवारी घरी गेले आणि आईला माईंच्या जखमेचं सांगितलं आणि पुढच्या दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या, दोरा काढला आणि नोकरी हुकली. आईनं हातातली परात खाली ठेवली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं, मामाचा मुलगा आणि त्याचा मुरगळलेला पाय. आठ दिवस ती फोनवर माझ्याशी धड बोलली नाही. ते आठ दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. देवीनं खरं बोलायचं बळ दिलं, पण त्यानंतर काय करायचं ते काही सांगितलं नाही.

मग एके दुपारी वहिनींचा फोन आला. माईंचा ताप उतरून आठवडा झाला होता, पण नव्या मुलीला त्या ड्रेसिंग करू देत नव्हत्या. जिनं चूक सांगितली तिच्याच हातचं करून घेईन, असा हट्ट धरून बसल्या होत्या. राग गेला नाही म्हणाल्या वहिनी, पण ये. त्याच संध्याकाळी मी निघतच होते, तर खोलीच्या दारात आई उभी. द्राक्षांची करंडी घेऊन, कुणाला न विचारता बसनं आलेली. मला त्या बाईंकडं ने, एवढंच म्हणाली.

माईंच्या खोलीत शिरल्यावर आईनं आधी हात जोडले. दोरा मी बांधला व्हता बाई, पोरीला मीच भ्या घातलं, असं म्हणाली. माईंनी तिला जवळ बोलावलं, हात पुढं केला. आई दोन पावलं गेली आणि थांबली. आपल्या मनगटांकडं बघितलं. मग हिरव्या बांगड्यांचा तो सगळा चुडा तिनं दोन्ही हातांवर कोपरापर्यंत सरकवला, घट्ट बसेपर्यंत रेटला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बेसिन कुठंय? तुम्ही हात कसे धुता ते दाव मला."

मी तिला दाखवलं. तळवा, बोटांच्या मधली जागा, अंगठा, नखं, मनगट. आई मान खाली घालून, पोथी वाचताना असते तशी गंभीर होऊन हात धूत होती. मग ते ओले, स्वच्छ हात घेऊन ती माईंपाशी गेली आणि ड्रेसिंग होईपर्यंत तिनं त्यांना कुशीवर धरून ठेवलं.

जखम भरायला पुढं दीड महिना लागला. निकालानंतर मला दुसऱ्या एका हॉस्पिटलात नोकरीही लागली, आणि ओटी भरायला आम्ही दोघी गडावर गेलो. आई नवस फेडत होती. मी मागं उभी राहून आईकडं बघत होते आणि देवीला म्हणत होते, बाई गं, मी तुझ्यापाशी एक मागत होते आणि तू मला दुसरंच दिलंस, ते बरं केलंस. आजही ड्युटीवर जायच्या आधी जीव धास्तावतो, आज हातून काही चुकलं तर, असं वाटतं. ते वाटणं जाऊ नये, असंच मी मागते.