जवाईबापूंचं नाक

झाडाला मुद्दाम जखम करून वर त्याची माफी मागणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मामाजी जन्मभर ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. निवृत्त झाले तेव्हा कपाशीने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. बाभुळगावच्या आसपास जो तो सोयाबीनकडे वळत होता, तर यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात अगरची झाडं लावली. अगर म्हटल्यावर शेजारणीने पूजेसाठी पुडाभर अगरबत्त्या तोडून आणायला सांगितल्या. मामाजींनी तिला झाडापाशी नेऊन समजावलं, की याला जखम झाली की हे आतल्या आत राळ धरतं, पांढरं लाकूड काळं पडतं आणि त्या काळ्या लाकडाला सुगंध असतो. सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, "मंग काड्या कवा लागतीन?"

झाडं हाताशी आल्यावर गिरमिटाने खोडाला भोकं पाडून बैलाच्या सिरिंजने आत राळ धरवणारी बुरशी सोडायचं काम सुरू झालं. त्याआधी मामाजी खोड थोपटत, "दुखीन थोडसं, हालू नोको," म्हणत. उन्हाळ्यात सासूबाईंची जुनी लुगडी झाडांना गुंडाळलेली असत. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मले कधी हातानं एक लुगडं घेऊन देल्लं नाई, अन् झाडायले नेसवून राह्यले!"

त्याच सुमारास मी कामाला होतो ते कापसाचं जिनिंग बंद पडलं आणि बायकोसह मी सासुरवाडीला येऊन राहिलो. कोणी काही बोलत नसे, पण दुसरी भाकर घेताना हात अडखळायचा. एके दिवशी मामाजींनी झाडाची ढलपी काढून निखाऱ्यावर ठेवली, धूर माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "पिकलं का?" मी खरं ते सांगितलं. रुईच्या धुळीत माझं नाक कधीच गेलं होतं, भाजी करपली तरी मला कळत नसे.

"डोये झोंबले का?"

"झोंबले."

"मंग तेवढं पुरे. अजून नाई म्हना."

संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर करून टाकलं, "जवाईबापूच्या नाकाशिवाय एकाही झाडाले कुऱ्हाड लागनार नाई." तेव्हापासून दर अमावास्येला तपासणी ठरली. रंग ते पाहणार, वास मी घेणार. मी भारदस्त चेहरा करून "अजून नाही" म्हणायचो आणि मामाजी खुशीत मान डोलवायचे. बघता बघता गावात माझं वजन वाढलं. एक गृहस्थ तूप अस्सल आहे का ते हुंगून सांगा म्हणून डबाच घेऊन आले, तेव्हा मामाजींनीच मला वाचवलं. "हे नाक फक्त झाडाचं हाये," ते म्हणाले. पुढे मला यवतमाळला नोकरी लागली, तरी अमावास्येचं बोलावणं चुकलं नाही. एका बिननाकाच्या माणसाकडून त्यांनी आपली झाडं वाचवून घेतली आणि त्याच कामात मलाही वाचवलं. त्या घरात मी कधी आश्रित झालो नाही, कामाचा माणूस झालो. हे मी त्यांच्यापाशी कधी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी मलाही हलू नको म्हटलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मामाजी गेले. दिवस उरकल्यावर एक व्यापारी आला. त्याने ढलपी काढली, ती आतपर्यंत काळी निघाली. निखाऱ्यावर ठेवताच त्याने डोळे मिटले. बायकोने पदर तोंडाला लावला. घरभर काय पसरलं होतं ते मला सोडून सगळ्यांना कळत होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी सांगा."

मी धूर ओढून घेतला. डोळे झोंबले.

"अजून नाही," मी म्हणालो.

सासूबाईंनी निखाऱ्यावर पाणी शिंपडलं आणि व्यापाऱ्याला म्हणाल्या, "चहा घेऊन जा, भाऊ."