बुलडोझरची तपासणी

आमचे हे प्रांताच्या संघातून रग्बी खेळायचे. पुढच्या फळीत, जिथे सगळ्यांची डोकी एकमेकांवर आदळतात तिथेच नेमके! लोक ह्यांना बुलडोझर म्हणत. नाक किती वेळा मोडलं, देव जाणे. खेळ सुटल्यावर शाळेची बस चालवायला लागले. पोरांचे फार लाडके.

परवा बस भलत्याच गल्लीत शिरली. शाळेने सांगितलं, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तरच गाडीला हात लावायचा. बस गेली तर हा माणूस घरात बसून झुरेल, एवढीच मला काळजी.

तपासणीला सोबत भावजी आले. भावजी म्हणजे ह्यांचा संघातला बुटका जोडीदार. अजूनही रोज सकाळी आमच्या फाटकाशी हजर. ते ह्यांना खेटून बसले.

"आज वार कोणता?" डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारलं.

"गुरुवार."

महिना, वर्ष, शाळेचं नाव, सगळं बरोबर! माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई भावजींना म्हणाल्या, "तुमचा खोकला दर प्रश्नानंतरच कसा येतो हो?"

भावजींनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला. चेहरा पार उतरला.

"जुनी सवय. डोक्याला मार बसला की मैदानात डॉक्टर धावत यायचे. स्कोअर काय, समोर कोण खेळतंय, विचारायचे. चुकला की बाहेर. मग मी मागून हळूच सांगायचो. हा बाहेर गेला असता तर आम्ही हरलो असतो ना."

"किती वेळा?" मी ओरडलेच.

"वहिनी, मोजलं कुणी?"

घरी येऊन हे हसत सांगायचे, "मला काही होत नाही गं!" आणि मी ते खरं मानत आले.

"आणि आता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज सकाळी वार सांगतो. बसचा रस्ता पाठ करून घेतो." भावजी माझ्याकडे बघेनात. "घरातल्यांची नावंसुद्धा."

अरे देवा! आणि मी ह्यांना रोज पोरांची बस चालवायला पाठवत होते!

भावजींना बाहेर पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या कोण?"

ह्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग माझ्याकडे झुकून अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तेवढं उत्तर हळूच सांगता का? बस जाईल हो माझी."

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ह्यांना बस देऊ नका."