फोल्डरमधले वडील

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. त्यांच्या मोबाईलमध्ये फोटो भरपूर होते, पण सगळे दुसऱ्यांचे. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि मोठा फोटो हवा होता. म्हणून मी आणि आई चौसाळ्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून वडील गावातल्या प्रत्येक बॅनरवर शुभेच्छुक म्हणून झळकत. ज्यांचं तोंड बघायची त्यांची इच्छा नसे, त्यांनाही त्यांनी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा दिलेल्या आहेत.

फ्लेक्सवाल्याने लगेच फोटो काढून दाखवला. निळा कोट, लाल टाय आणि पीठ फासल्यासारखा गोरा चेहरा.

"हे न्हाईत ते," आई म्हणाली. "कोट कावून घातला त्यांना?"

"सगळ्यांना तोच हाय, काकू."

गावातले सगळे शुभेच्छुक एकाच कोटात आहेत हे मला तेव्हा कळलं.

"ह्या फोटोपुढं मी मेणबत्ती लावणार न्हाई," असं सांगून आई स्टुलावर बसली. आई बसली की विषय संपतो.

मूळ फोटो कुठे आहे असं विचारल्यावर फ्लेक्सवाला म्हणाला, "हाय की ह्याच्यातच," आणि त्याने अख्ख्या कॉम्प्युटरकडे हात केला. फाईलला नाव द्यायची त्याची पद्धत सरळ होती. बोटाखाली येतील ती बटणं दाबायची. मी बीडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. फोल्डरमधल्या फायलींची यादी करणं हा पायथनचा अगदी सुरुवातीचा धडा. चार ओळी लिहिल्या, यादी आली, ती तारखेप्रमाणे लावली आणि फोटो एकेक उघडत गेले. सगळीकडे कोटच. मला रडू यायला लागलं होतं आणि फ्लेक्सवाला चहा सांगू का विचारत होता.

मग लक्षात आलं. मी दिलेली आज्ञा फक्त वरवरच्या फायली बघते. मध्ये एखादा फोल्डर लागला तर त्याचं नाव सांगते आणि दारातूनच परत फिरते. हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून शिकवते. आज्ञा बदलली, प्रत्येक फोल्डरच्या आत शिरणारी दिली. 'नवीन फोल्डर'मध्ये आणखी एक 'नवीन फोल्डर' होता, आणि त्यातही एक. तिथे चौदा एप्रिलला जयंतीच्या सकाळी कॅमेऱ्याने काढलेले मूळ फोटो सापडले.

वडील पांढऱ्या सदऱ्यात, खिशाला पेन, कपाळाला आठ्या. शेजारी आई उभी, त्यांची कॉलर नीट करत असलेली. बॅनरसाठी तिला कापून टाकलं होतं.

"हां, हे ते," आई म्हणाली. स्वतःकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"काकूंना मात्र काढावं लागंल," फ्लेक्सवाला म्हणाला. "जित्या माणसाला हार कसा घालायचा?"

त्याने तिचा चेहरा पुसला, मग खांदा. कॉलरवरच्या हातापाशी आला तेव्हा आई उठून स्क्रीनजवळ गेली.

"तेवढा ऱ्हाऊ दे."

"लोक इचारतील काकू, कोणाचा हाय म्हणून."

"इचारू दे. मी हाय की सांगायला."

रविवारी फोटोला मी हार घातला. आईने मेणबत्ती लावली, आणि मग हार थोडा बाजूला सरकवला. त्याखाली हात झाकला जात होता.