झेंड्यांची वाकडी रांग

ऑगस्टमध्ये लडाखमधल्या एका हिमनदीवर माझी पोस्टिंग होती. मी हवालदार, काम लिंक पेट्रोलचे. खालचा कॅम्प आणि वरची पोस्ट यांच्यातली वाट तपासायची. निघण्याआधी दोर, हार्नेस, आइस अ‍ॅक्स, रेडिओ, प्रत्येक वस्तूला हात लावून खात्री करायची.

गावाकडे लोक विचारतात, बर्फ चालतो म्हणजे काय? गुऱ्हाळावरची काकवी आठवा. तिरक्या पन्हाळीत मधली पुढे पळते, कडेची पत्र्याला चिकटून मागे राहते. हिमनदी स्वतःच्या वजनाने तशीच उतरते. थर जाड आणि उतार मोठा, तर वेग जास्त. उन्हाळ्यात वितळलेले पाणी तळाशी जाते, खडकावरची पकड सुटते आणि ती आणखी जोरात घसरते. तेव्हा पायाखाली तोफ उडावी तसा आवाज होतो आणि बर्फात खोल भेग पडते. वरचे भुसभुशीत हिम तिला झाकून टाकते.

वाट हिमनदी आडवी ओलांडायची तिथे आम्ही बांबूला लाल झेंडे लावले होते. सरळ लावलेली रांग काही दिवसांनी मधोमध खाली वाकली. ते बरोबरच होते. भेगा नाहीत म्हणून तपासलेली वाट बर्फाबरोबर सरकली होती, झेंडेही तिच्यासोबत.

नाईक सर्जेराव माण तालुक्यातला. ट्रेनिंग सेंटरवर जवानांना ड्रिल शिकवून नुकताच वर आलेला. त्या सकाळी तो, मी आणि वाईचा शिपाई बाळू एका दोरात पोस्टवरून उतरत होतो. पाहतो तर रांग सरळ.

"झेंडे कुणी हलवले?"

"मीच, काल. लय वाकडं झालं हुतं, उस्ताद. आता बघा ड्रेसिंग, रांग कशी सुतात!"

"आता हिमनदीलाबी सावधान करा, नाईकसाब," बाळू म्हणाला.

मी दोन वाक्यांत समजावले. झेंडे आता न तपासलेल्या बर्फावर होते. सर्जेरावचा चेहरा उतरला. खालून सामानाची पार्टी निघाली होती. रेडिओवर नुसती खरखर.

"जुन्या वाटेने चला," मी म्हणालो.

"आन ती पोरं? झेंडं बघून हितनंच येतील. उपटतो मी."

त्याचे बरोबर होते. आम्ही आइस अ‍ॅक्स रोवून दोर धरला. दोन झेंडे निघाले. तिसऱ्याला त्याने हात घातला आणि हिम खचले.

दोराने बाळूला तोंडावर आपटले. नाक फुटले, दोन दात गेले. माझा खांदा निखळला. खाली पाणी गर्जत होते. त्या गर्जनेतून सर्जेरावचा आवाज आला.

"धरा रं!"

धरले. हातभर वर ओढलाही. तेवढ्यात भेगेचा काठ, घराएवढा, कडाडून सुटला. दोर तुटला. खालून पुन्हा आवाज आला नाही.

सामानाची पार्टी पुढचे झेंडे दिसेनात म्हणून थांबली. सगळे वाचले. रेस्क्यू टीम तीन वेळा भेगेत उतरली. सर्जेराव सापडला नाही.

रजेवर आलो तेव्हा माधवनगरला घरी जाण्याआधी सर्जेरावची दहिवडी गाठली. त्याच्या वडिलांना जसे घडले तसे सांगितले. त्यांनी एकच विचारले.

"बरफ फुडं सरकतोय म्हनता. मग त्यो खाली येईल न्हवं?"

"येईल, आबा. पण आपल्या हयातीत नाही."

आबांनी अंगणात खेळणाऱ्या नातवाकडे, सर्जेरावच्या पोराकडे पाहिले.

"हाय की त्याचा पोरगा. त्यो जाईल आनायला."